छत्तीस स्प्रिंगांवरची उडी

डॉक्टरांनी मला तीन महिने दिले. रोज व्यायाम करा, रक्तातली साखर उतरली तर ठीक, नाहीतर गोळ्या सुरू. मी दुसऱ्याच दिवशी कॅनव्हासचे बूट घातले आणि वाशीच्या रिकाम्या रुंद रस्त्यांवर चालायला लागले. आठवड्यात दोन्ही गुडघे सुजले. म्हणजे व्यायाम हवा, पण गुडघ्यांना कळता कामा नये.

परदेशात राहणाऱ्या नणंदेने मासिकातलं एक चित्र कापून पाठवलं. परातीला पाय फुटावेत तशी गोल चौकट, मधे ताणलेलं कापड, कडेने स्प्रिंगा. छोटा ट्रॅम्पोलीन. घरातल्या घरात उड्या मारायच्या, गुडघ्याला दणका नाही.

मी यादी केली. पलंगाखाली मावला पाहिजे. पाय काढता आले पाहिजेत. उडी मारल्यावर डोकं पंख्यात जाता कामा नये. मुंबईच्या एका दुकानात तशी वस्तू होतीही, पण दुकानदार उडी मारू देईना. "आधी घ्या बाई, मग घरी हवं तेवढं नाचा." मी परत आले. चप्पलसुद्धा मी दुकानात चार पावलं चालून बघितल्याशिवाय घेत नाही.

नवरा जवळच पावणे गावच्या एमआयडीसीत एका कारखान्यात इंजिनिअर होता. शेजारच्या गाळ्यात त्याचा मित्र स्प्रिंगा बनवायचा. चित्र त्याच्याकडे गेलं. पंधरा दिवसांनी निरोप आला : वहिनींना घेऊन ये, जेवणाच्या सुट्टीत.

वस्तू सुरेख झाली होती. निळा रंग, काळं जाड कापड, छत्तीस चकचकीत स्प्रिंगा. मी पदर खोचला, चप्पल काढली, वर चढले आणि उडी मारली.

काही झालं नाही. कापड हललंसुद्धा नाही. गुडघ्यातून मात्र कळ गेली ती थेट कमरेपर्यंत.

जवळच डबा खात बसलेला वेल्डर, तिथल्याच गावचा, म्हणाला, "वयनी, यो त पाट हाय! जेवाला बसा."

"तुम्ही वजन किती सांगितलंत?" मी नवऱ्याला विचारलं.

"अडुसष्टच. म्हणजे... दुप्पट. सेफ्टी नको का?"

मित्राने कपाळाला हात लावला. "अरे, मी ते परत दुप्पट धरलं! आमच्याकडे गिऱ्हाइकाचा आकडा तसाच कोण घेतो?"

"आन मी चोवीसच्या जागी छत्तीस टाकल्या," वेल्डर म्हणाला. "घरचा काम हाय, म्हटला."

तिघांनी मिळून माझ्या काळजीपोटी म्हशीची सोय केली होती. मला आधी राग आला, मग नवऱ्याचा चेहरा बघून असं हसू फुटलं की खालीच बसले.

"काढा," मी म्हटलं. "एक सोडून एक."

"अगं, पण सेफ्टी—"

"सेफ्टीने माझी साखर उतरणार आहे का?"

वेल्डरने पक्कड घेतली. अठरा उरल्या. मी चढले. कापड जरासं दबलं, ताज्या खरवसावर बोट ठेवल्यासारखं. बरं होतं, पण उडी नव्हती. आता मित्रालाही चेव आला. त्याने आतून बारीक तारेच्या स्प्रिंगा आणल्या आणि काही जाड काढून त्यांच्या जागी चारही बाजूंनी बेताने बसवल्या. आजूबाजूच्या गाळ्यांतले कामगार डबे हातात घेऊन दारात जमले. मी चढायचे, उतरायचे, "अजून सैल" म्हणायचे. एकदा इतकं सैल झालं की कापड जमिनीला टेकलं आणि दारातून "आऊट!" असा ओरडा आला.

सहाव्या खेपेला मी पाय टेकले आणि वर गेले.

खरंच वर गेले. बांगड्या कोपरापर्यंत चढल्या, अंबाडा सुटला, पत्र्याचं छप्पर जवळ आलं नि लांब गेलं. दहा, वीस, तीस. दारातले लोक मोठ्याने मोजायला लागले. चाळिशी ओलांडलेली, दोन मुलांची आई, पावण्याच्या एमआयडीसीत भरदुपारी उडत होती आणि थांबायची इच्छा नव्हती.

"अगं, गुडघे?" नवरा खालून ओरडला.

गुडघे! त्यांची आठवणच राहिली नव्हती. मी उडता उडता त्यांची चौकशी केली. कुठेच काही नव्हतं.

"वहिनी, उतरा आता," मित्र म्हणाला, "भोंगा झाला, माणसं कामावर जाईनात."

"पन्नास होऊ द्या," मी वरून सांगितलं.