क्रुसावरचे दोरे

निर्ण्याजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडीच. चर्च म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, आणि दाराबाहेर उभा केलेला सागवानी क्रूस. पाळक बीदरहून महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार अप्पा, म्हणजे माझे वडील, उपासना चालवत.

कुणाचं तरी तापानं फणफणलेलं लेकरू बरं झालं, तेव्हा त्याच्या आईनं त्या क्रुसाला लाल दोरा बांधला. मग दुसरीनं बांधला. बघता बघता दोऱ्यांचा जाड पट्टा झाला, खाली नारळ फुटायला लागले, तेलानं लाकूड काळं पडलं. अप्पांना ते बघून अन्न गोड लागेना.

माझी मोठी बहीण तेव्हा आजारी होती. दोन्ही किडन्या गेलेल्या. आई तिला बसनं बीदरला डायलिसिसला न्यायची आणि परतल्यावर तिला घरी निजवून एकटीच चर्चकडे जायची.

एका रविवारी अप्पांनी मोशेच्या पितळी सापाची गोष्ट सांगितली. "देवानंच करायला लावला होता तो. साप चावलेली माणसं त्याच्याकडं बघून वाचली. पुढं लोक त्याच्यापुढंच धूप जाळायला लागले, तवा यहूदाच्या राजानं तो फोडून टाकला. मूर्ती दुसऱ्याच्याच घरात असती असं समजू नका. देवानं दिलेल्या वस्तूचीबी मूर्ती बनती."

उपासना संपली, आणि बाया नेहमीसारख्या क्रुसाला कपाळ टेकवून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी अप्पा विळा घेऊन निघाले. मागोमाग आई, तिच्यामागं मी.

"कामून करायलाव हे?" आईनं विचारलं.

"तुला ठाऊक हाय."

"त्यात पोरीचा दोरा हाय. मी बांधलाय."

अप्पांचा हात थांबला. "लाकडाला काय कळतंय?" ते हळू म्हणाले, आणि कापत राहिले. मग क्रूस उखडून त्यांनी आतल्या भिंतीला उंच ठोकला, कुणाचा हात पोचणार नाही असा.

पावसाळा सरता सरता बहीण गेली. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तरी मातीला आलेल्या बायांत दोरा कापल्याची कुजबुज झालीच. आईनं त्यांना गप्प केलं. पण घरी आल्यावर ती अप्पांना म्हणाली, "लाकडाला न्हाई मागितलं मी. देवालाच मागितलं. पर हात ठेवायला कायतरी पायजे होतं मला. तेवढं ठेवायचं होतं तुमी."

शास्त्राप्रमाणे अप्पांचं बरोबर होतं. आजही पितळी साप फोडल्याचा तो अध्याय वाचते, तेव्हा मला त्यात पळवाट सापडत नाही.

हळूहळू काही घरं उपासनेला येईनाशी झाली. एकदा रिकाम्या सतरंज्या गुंडाळताना अप्पांनी मला विचारलं, "हे मी देवासाठी केलं, का माझंच खरं करायला?"

"देवासाठीच, अप्पा."

त्यांना पटलं नाही. "माणूस आपल्या खरेपणाचीबी पूजा करतंय बघ," म्हणाले, आणि सतरंजी उचलून आत गेले.

पूर्वी जेवणाआधी अप्पा मोठ्यानं प्रार्थना करायचे आणि आई आमेन म्हणायची. आता दोघंही आपापल्या ताटाकडे बघत मनातल्या मनात करतात. मी सुट्टीला गेले की मधे बसते, आणि आधी कोण घास उचलतंय याची वाट बघते.