धोंडूबाईचा हुकूम

पदूइतका हट्टी माणूस अख्ख्या खालापूर तालुक्यात शोधून सापडायचा नाही. तसा तो इथला नव्हेच, ओढ्यापलीकडच्या संस्थानातला. संस्थान ते केवढं, पण ताठा म्हणाल तर इंग्रजालाही न जुमानणारा! आणि रयतही तशीच. राजाच्या शिकारीचं सामान वाहायला वेठीला बोलावलं, तेव्हा पदू कारभाऱ्याला तोंडावर म्हणाला, "आमी काय बैल नाय." झालं! दवंडी पिटून त्याला हद्दपार केलं. सारं गाव बघत होतं, त्याची आई धोंडूबाईसुद्धा.

ओढ्याच्या अलीकडे तो दुसऱ्यांची शेतं लावत-कापत राहिला, मैनेशी लग्न केलं. धोंडूबाई दर पंधरवड्याला ओढा ओलांडून यायची, लेकाला आपल्या हातची भाकरी खाऊ घालून परत जायची.

पुढं संस्थान विलीन झालं. धाकटा भाऊ गजा धावत आला, "चल रं दादा घरी!" पदू कसला ऐकतोय! "दवंडी पिटून काढलं, दवंडी पिटूनच आत घ्या. चोरासारखा मी येनार नाय." अहो, पण पिटणार कोण? त्यानं कचेरीत अर्जही केला. कारकून हसला, "संस्थानच राहिलं नाही, त्याचा हुकूम मी कुठून रद्द करू?"

बावन्न साली धोंडूबाईचे पाय गेले, तिचं येणं बंद झालं. गजानं तीनदा येऊन हात जोडले. मैनेनं अबोला धरला. पदू रोज ओढ्यापर्यंत जायचा, पलीकडे बघत बसायचा आणि परत यायचा. गुडघाभर पाणी हो! आजही त्याचा राग येतो मला.

शेवटी म्हातारीनंच डोकं चालवलं. "राजा नाय तर नाय. मी त्याची आय हाय ना? माज्या नावानं पिटा." एका सकाळी गजा पलीकडच्या काठावर उभा राहून पत्र्याचा डबा बडवायला लागला, "ऐका हो ऐका! धोंडूबाईचा हुकूम हाय! पदूचा काय बी गुन्हा नाय, त्यानं घरी यावं!"

अलीकडच्या काठावर बसलेला पदू ढसाढसा रडला. "फेटा बांधून आलोच म्हनून सांग तिला!" जायचं तर मानानं जायचं. त्यानं आंघोळ केली, शेजाऱ्याचा फेटा मागून आणला. बांधला, सोडला, पुन्हा बांधला. बरोबर चार माणसं हवीत म्हणून त्यांची वाट बघत बसला. मैना ओरडत होती, "अवो, निघा की आता!" निघेपर्यंत ऊन डोक्यावर आलं.

धोंडूबाईला दारात भिंतीला टेकवून बसवलं होतं, तोंड ओढ्याकडे. शेजारी गजा खाली मान घालून बसला होता.

"आत्ताच गेली रं दादा," तो म्हणाला. "सकाळपासून विचारीत व्हती, अजून कसा नाय आला. मी म्हटलं, फेटा बांधतोय. तर म्हनाली, फेटा कशाला रं त्याला, माज्याकडं येतोय का दरबारात? मग काय बोललीच नाय."