जिताडाबाईची अकरा फुटी काठी

माझी बायको गळ-काठीच्या दुकानात शिरली की आधी तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, ओठांत धरायची. काउंटरवर, सगळ्यांसमोर. डोळे मिटायची आणि हातभर दोरा ओठांमधून सावकाश ओढायची. पहिल्या खेपेला दुकानदार म्हाताऱ्या गोऱ्याला वाटलं, बाई खातेय की काय. "नॉट फॉर ईटिंग, लव्ह," म्हणाला. ही डोळे न उघडता म्हणाली, "नॉट ईटिंग. लिसनिंग." पुढच्या खेपेपासून तो तिला बसायला स्टूल द्यायला लागला.

तिचं म्हणणं, बोटं खोटं बोलतात. "काम करून राकट झालेली बोटं ती. त्यांना काय समजतंय? ओठाला बारीक खरचटलेलं पण लागतं." दगडाला, शिंपल्याला घासून तंगुसाला चरा पडतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण मासा जोरात ओढायला लागला की नेमका तिथंच तुटतो. म्हणून दर वेळी पाण्यात टाकायच्या आधी शेवटचा वावभर, दोन्ही हात पसरून होतो तेवढा, दोरा ती ओठांतून काढायची. तीस वर्षं काढला. मी बघून तोंड फिरवायचो.

कारण मी लिंगायत, सांगलीकडचा. आमच्या घरी अंडंसुद्धा आलं नाही कधी. ती पेणकडची, खाडीकाठची. आमचं लग्न झालं तेव्हा दोन्ही घरांची दारं बंद झाली, म्हणून इतक्या लांब साउथहॅम्प्टनला आलो. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुतल्या, तिनं सँडविचच्या फॅक्टरीत पाव भरले. मासे ती मागच्या शेडमध्ये वेगळ्या तव्यावर करायची, तिथंच खायची, तोंड धुऊन घरात यायची. मी तिला कधी तसं सांगितलं नव्हतं. तसं करू नको, असंही सांगितलं नाही.

इथला बास मासा पहिल्यांदा हातात आला तेव्हा ती रडली होती. म्हणाली, "हा आमचा खाडीतला जिताडाच. थंडीनं गोरा झालाय." तेव्हापासून इथल्या मराठी मंडळातले लोक तिला जिताडाबाई म्हणायला लागले, आधी पाठीमागे, मग तोंडावर. गणपतीच्या जेवणाला एका पुणेरी बाईंनी विचारलं, "वहिनी, हाताचा वास जातो का हो?" ही म्हणाली, "नाय जात. तुमाला डब्यात घालून देऊ काय थोडा?" पुढच्या वर्षापासून त्याच बाईंचा फोन यायचा, बास मिळाला का म्हणून.

उंचीला ती पाच फूटसुद्धा नव्हती. दुकानदारानं तिला लहान मुलं धरतात तशी आखूड काठी दाखवली होती. तिनं ती बाजूला सारली आणि अकरा फुटांची मागितली. तो हसला. ही मला म्हणाली, "सांगा त्याला, मी बुटकी हाय, समुद्र बुटका नाय." मी माझ्या इंग्रजीत सांगितलं. तो हसायचा थांबला. काठावर लाटा फुटतात, त्यांच्या वरून दोरा उचलून धरायचा तर काठी लांबच लागते. हे त्याला माहीत होतं. हिला माहीत असेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

काठी निवडताना ती रंग बघायची नाही. टोक मला धरायला लावायची आणि मूठ हातात घेऊन वाकवायची. "ओढा. जोरात ओढा, बायकोला ओढताय असं नको." वाकून काठी परत सरळ कशी होते ते बघायची. गळ नखावर टेकवायची. घसरला तर बोथट, रुतला तर घ्यायचा. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याखाली धुतल्याशिवाय स्वतः चहा प्यायची नाही. "खारट पाणी लोखंडाला खातं. तुमाला चहा पायजे तर करून घ्या."

पुण्यातनं सॉफ्टवेअरची पोरं इथं यायला लागली ती दोन हजार सालाच्या पुढेमागे. त्यातल्या दोघा-तिघांना हौस आली. एक जण चकचकीत रॉड घेऊन कॅल्शॉटच्या किनाऱ्यावर आला. "काकू, ऑनलाइन मागवला. रिव्ह्यूज एकदम टॉप आहेत."

"माशांनी लिवलेत काय?"

"काकू, प्लीज ना!"

"बघू इकडं. अरे, क्लच किती घट्ट आवळलाय! सैल कर." रिळाला एक चकती असते, ती सैल असली की मासा ओढेल तसा दोरा सुटत जातो. ती त्याला म्हणाली, "त्याला जायचंय तर जाऊ दे थोडा. दमला की आण. आवळून धरशील तर तोडून जाईल." सगळा किनारा तिला क्लचसाठी ओळखायचा. गोरेसुद्धा आपलं रीळ तिच्याकडे घेऊन यायचे. ती आवाज ऐकून पाव चकती इकडं, पाव तिकडं करून द्यायची.

मग तिच्या तोंडात फोड आली. मशेरी लावायची सवय होती, माहेरून डबी यायची. मी कधी बोललो नाही, मला वास आवडायचा नाही एवढंच. फोड बरी होईना. डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला. जबड्याचं हाड काढलं, मग किरणं दिली. थुंकी आटली. ओठांना भेगा पडल्या आणि खालच्या ओठाला स्पर्शच समजेना. पोटात नळी बसवली, त्यातनं दूध जायचं. बोलणं मला समजायचं, इतरांसाठी ती वहीवर लिहायची. सहा महिन्यांनी दुखणं परत आलं, मानेत. या वेळी डॉक्टरांनी काही करायचं नाही म्हणून सांगितलं.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मना एक जिताडा पायजे."

मी म्हटलं, "तुला गिळता येत नाही, मासा काय करतेस?"

"खायचा नाय. वडायचाय."

मुलगा नॉटिंगहॅमहून फोनवर ओरडला, "बाबा, आर यू मॅड? शी कॅन्ट इव्हन स्टँड." मी फोन ठेवला. ऑक्टोबरात भरतीची वेळ दुपारची आली तेव्हा तिला गाडीत घातलं, कॅल्शॉटला नेलं, घडीच्या खुर्चीवर बसवलं. तिनं आमिषाचा मऊ खेकडा स्वतः गळाला बांधला. गाठ मारली, बाटलीतल्या पाण्यात भिजवून घट्ट केली. मग तंगुसाचं टोक माझ्यापुढं धरलं.

"माजा ओठ मेलाय. तुमी लावा."

तो दोरा आधी वापरलेला होता. हाताला खेकड्याचा वास लागला होता, दोऱ्यालाही. मी तिच्याकडे पाठ केली, वाऱ्याकडे तोंड केल्यासारखं दाखवलं आणि दोरा हातमोज्यातून ओढला. तीस वर्षं जिच्याबरोबर जेवलो तिच्यासाठी एवढं तोंडाला लावता आलं नाही मला.

"लावला?"

"लावला. चांगला आहे."

फेकून मी दिला. तासाभरानं काठीचं टोक खाली गेलं. ती उठून उभी राहिली. कशी राहिली माहीत नाही. रीळ ओरडत होतं, दोरा सुटत होता, ती सोडत होती. मग आणत होती. परत सोडत होती. मी मागून तिच्या कंबरेला धरलं होतं, कोटाच्या आत हाडंच होती. पण हातात तिच्या जोर आला होता, तो मला माझ्या छातीला लागत होता. शेजारचा एक गोरा आपली काठी टाकून धावत आला. लाटेत मासा आडवा झाला, पांढरं पोट दिसलं, हातभर तरी होता. आणि काठी एकदम सरळ झाली.

तिनं दोरा गुंडाळून आणला. तुटलेलं टोक डोळ्याजवळ धरून बघितलं. गाठ सुटली तर टोकाला पीळ राहतो. पीळ नव्हता. हातभर वर तुटला होता, आणि तुटलं तिथं दोरा खरबरीत होता.

"ओठ लावलेला ना?"

"लावला होता."

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खुर्चीत बसली आणि म्हणाली, "चला. तुमाला थंडी वाजतेय."

आठवड्यानं ती म्हणाली, दुकानात न्या. मला वाटलं नवा दोरा घ्यायचा असेल. दुकानदारानं स्टूल दिलं. त्याला बातमी लागली होती. "आय हर्ड यू लॉस्ट अ बिग वन, लव्ह. डिड द लाइन गो?" मी शेजारी उभा होतो. तिनं वही काढली, मोठ्या अक्षरात लिहिलं आणि त्याच्यापुढं सरकवली. इंग्रजी चार अक्षरं मलाही वाचता येतात. आय मिस्टेक. क्लच टाइट.

तो वाचून म्हणाला, "यू? नेव्हर."

तिनं "टाइट" या शब्दाखाली रेघ मारली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी काउंटरवरच्या शिशाच्या गोळ्यांकडं बघत राहिलो. तिनं काही घेतलं नाही. दुकानात ती तेवढ्यासाठीच गेली होती.

गाडीत सांगायचं होतं. सिग्नलला थांबलो तेव्हा तोंड उघडलं आणि म्हटलं, हीटर वाढवू का. त्यानंतर ती पाच आठवडे होती. रोज वेळ होता. मी तिला कुशीवर वळवलं, नळी धुतली, केस विंचरले. ते सोडून सगळं बोललो. गेली तेव्हा मी खोलीत होतो, तेव्हाही नाही बोललो.

अंत्यविधीला किनाऱ्यावरचे सात-आठ गोरे आले होते, पुण्याची ती पोरंही. बाहेर उभे राहून ते तिच्या आठवणी काढत होते. एक जण प्रेमानंच म्हणाला, शेवटी जिताडाबाईंकडून पण क्लच आवळला गेला. सगळे हळू हसले. मी तिथं होतो.

मंडळाच्या अंकात काकूंवर काहीतरी लिहा म्हणून पोरं मागं लागली म्हणून हे लिहिलं. माझं शिक्षण सातवीपर्यंत, चुका असतील त्या सुधारून घ्या. एवढं मात्र कुणी बदलू नका. तिनं क्लच आवळला नव्हता. तिनं शेवटपर्यंत सगळं बरोबर केलं होतं. दोरा मी बघितला नव्हता.