भालदाराला वाक्य नव्हतं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्यासोबत वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये चहा प्यालो त्यांनाही नाही. आता सांगतो आहे ते मन हलकं करायला म्हणून नव्हे — तसं समजू नका.

आमच्या गोंदिया जिल्ह्यात हायस्कूलचे मराठीचे शिक्षक नाटक एका खास पद्धतीनं शिकवतात. उतारा बाकावर बसून वाचायचा नाही, उभं राहून करायचा. ऐन रंगात आला की थांबवायचा, आणि ज्याला एकही वाक्य नाही — दारावरचा भालदार, पंखा ढाळणारी दासी — त्याला विचारायचं, तू काय पाहिलंस? तो घरच्या बोलीत सांगतो. मग पुस्तकातली जुनी भाषा पोरांना परकी वाटत नाही. लोक याला 'कटरे सरांचा भालदार' म्हणतात. कटरे सर म्हणजे मी. पद्धत सोळा आणे खरी आहे, आजही कुणाशीही भांडेन त्यासाठी — फक्त ती माझी नाही.

ती सुकेशिनी रामटेके यांची. अर्जुनी मोरगावकडच्या एका शाळेत शिकवायच्या. दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, तिथल्या दंडारीत — आमच्याकडच्या लोकनाट्यात — त्यांचे वडील ढोलकी वाजवायचे. बाईंनी नाटक तिथं बसून पाहिलेलं, पुस्तकात नाही.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली असतील. आमगावला शिक्षकांचं तीन दिवसांचं प्रशिक्षण, मार्गदर्शक मी. मला काय येत होतं? आवाज चढवून वाचायचो, त्यालाच सादरीकरण म्हणायचो. दुसऱ्या दिवशी दरबाराचा प्रवेश चालला होता — राजा भर सभेत राणीवर आळ घेतो. बाई उठल्या. म्हणाल्या, "सर, राजा बोलते, राणी बोलते. हा भालदार काऊन गप? तो तं सारं पाहून राहिला ना!"

पुढचा तास मी विसरलेलो नाही. कधी तोंड न उघडणारे मास्तर लोक दासी झाले, दरवान झाले, बोलले. मी टाळ्या वाजवल्या. म्हणालो, उद्या साहेबांसमोर हेच करा, भालदार मी होईन.

साहेब नागपूरहून यायचे होते, जिल्ह्यासाठी नवे मार्गदर्शक निवडायला. यादीत पहिलं नाव मी बाईंचंच लिहिलं. त्यांना ते हवं होतं, अगदी मनापासून. आपल्या बोलीची लाज वाटणारी पोरं ज्या-ज्या शाळेत बसली आहेत, तिथं-तिथं मले जायचं आहे — असं चहाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या.

तिसरा दिवस. माझ्या हातात झाडूचा दांडा, डोक्याला कुणाचा तरी दुपट्टा. बिसेन सर मागून ओरडले, "कटरे सर, काठी सरळ धरा ना जी, राजवाड्यात आहा तुमी!" सगळे हसले, मीही. राजानं आळ घेतला. बाईंनी हात वर केला, प्रवेश थांबला. त्या माझ्याकडे वळल्या — "भालदार, तू काय पायलं?"

मी बोलणार, तोच साहेबांनी टेबलावर पेन आपटलं. "बाई, हे अभिजात नाटक आहे, तुमची मंडई नाही." मग माझ्याकडे बघून — "कटरे, हे तुम्हाला विचारून चाललंय?"

काय अवघड होतं हो? 'होय' एवढंच म्हणायचं होतं. नोकरी जाणार नव्हती. कुणी मारणार नव्हतं. दांडा हातात तसाच धरून मी म्हणालो, "मला कल्पना नव्हती, साहेब."

बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुस्तक मिटून जागेवर जाऊन बसल्या. यादीतलं नाव मीच खोडलं — साहेबांनी सांगायच्या आधी.

एवढ्यावर थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण दोन-तीन वर्षांत वारं फिरलं. वरूनच कागद आला — कृतीतून शिकवा, बोलीला जागा द्या. मी त्या तासाची टिपणं शोधून काढली आणि शिक्षकांच्या पुस्तिकेत घातली. खाली नाव माझं. तालुक्या-तालुक्यांत फिरलो, शाली घेतल्या.

'तेव्हाचे दिवसच तसे होते' म्हणणार असाल, तर म्हणू नका. 'असं सगळेच करतात' — तेही नको. दिवस तसे नव्हते. मी तसा होतो.

पुढे एका प्रशिक्षणाला बाई आल्या — शिकायला. हजेरीवर सही केली आणि मागच्या बाकावर बसल्या. आणि मी शिकवलं. त्यांचंच, त्यांना. प्रवेश थांबवला, भालदाराला विचारलं, हॉल खूश झाला. जेवणाच्या सुट्टीत नळावर हात धूत होतो, तर त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. डबा विसळला. आवाजात राग नव्हता.

"भालदार आता बरा बोलून राहिला, सर."

एवढंच म्हणून गेल्या. मी नळ बंद केला, आत गेलो आणि दुपारचा तास घेतला. त्यानंतरही कितीतरी वर्षं घेत राहिलो — माझ्याच नावानं.