गणपतचा अंदाज चुकला नव्हता

गणपत गेल्याची बातमी आणि त्याच्या शोकसभेची वेळ मला एकदमच कळली. मेहकरहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने बुलढाण्यात माझ्या दारापुढे गाडी उभी केली आणि खाली न उतरताच सांगितले, "मास्तर, तुमचे गनपतराव गेले, आज सकाळी. उद्या गावात मीटिंग हाये. अन्नासाहेब बोलनार हायेत." प्रेत अजून घरात होते, पण वक्ते ठरले होते. आमच्या गावात कामे अशी वेळेवर होतात ती दोनच प्रसंगी. एक, कुणी साहेब यायचा असला की. आणि दुसरे, कुणी आता उलट बोलू शकणार नाही याची खात्री झाली की. गावाचे नाव मी लिहीत नाही, उगाच त्याला अभिमान वाटेल.

सभेला मी गेलो. गावचे पुढारी अण्णासाहेब म्हणाले, गणपतरावांनी वऱ्हाडचे नाव सातासमुद्रापार नेले, पण साहसाच्या भरात एकदा अंदाज चुकला आणि गावाने आपले रत्न गमावले. यावर टाळ्या पडल्या. शोकसभेतल्या टाळ्या मी प्रथमच ऐकल्या. मला कुणी बोलायला सांगितले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गणपत आणि मी एका आळीतले. गावाबाहेर पायऱ्यांची एक मोठी, जुनी विहीर आहे, तिला आम्ही बारव म्हणतो. आम्ही पोरे तिच्या काठावरून उड्या मारत असू. गणपत काठावरच्या चिंचेवर चढून तिथून मारी, आणि तीही आधी दगड बांधलेली सुतळी सोडून पाणी मोजल्याशिवाय नाही. बाकीचे त्याला हसत. "पानी पिऊन राह्यला का मोजून राह्यला बे?" तो म्हणे, "तुमाले पडाचं हाये, मले उडी माराची हाये." पुढे खामगावला एक सर्कस आली आणि तंबू हलला तेव्हा तिच्याबरोबर गणपतही गेला. काही वर्षांनी त्याची जाहिरात पाहिली तेव्हा तो 'प्रोफेसर गणपतराव' झाला होता. सर्कशीत उंचावरून उडी मारणाऱ्यालाही प्रोफेसर म्हणतात; कॉलेजात शिकवणाऱ्यांनी याबद्दल तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

रंगून, सिंगापूर, जावा, आफ्रिकेची बंदरे, मग जर्मनी... उंच खांबाच्या टोकावर एक फळी, खाली लाकडी हौद, हौदातल्या पाण्यावर तेल ओतून पेटवलेले, आणि त्या जाळात वरून येणारा आमच्या आळीचा गणपत. जर्मनीत एकदा गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ फोडून त्या भगदाडात त्याला उडी मारायला लावली. वर आला तेव्हा भगदाड कुठे आहे ते सापडेना, बर्फाखालून हात फिरवत, उजेड शोधत तो बाहेर पडला. हे सांगताना तो हसायचा. पण हॅम्बुर्गची गोष्ट सांगताना हसत नसे. तिथे खेळाच्या वेळी वर चढून पाहतो तर हौद गळत होता, पाणी हातभर कमी. तो शिडीने खाली उतरला. लोकांनी शिट्या मारल्या, सालपटे फेकली, मॅनेजर अंगावर धावून आला. गणपत तंबूत जाऊन झोपला आणि दुसऱ्या दिवशी हौद भरल्यावर त्याने उडी मारली. "त्या दिवशीची उडी माही सर्वांत मोठी," तो म्हणायचा. "जे मारली नाही ते."

तो परत आला तेव्हा त्याचा सत्कार झाला. पागोटे, हार, आणि ज्यांनी त्याला शाळेतून हाकलले त्यांची त्याच्या शालेय जीवनावर भाषणे. इथवर कुणाचे काही बिघडले नव्हते. पण पुढच्याच उन्हाळ्यात गावात दवाखाना उघडायला डिप्टी कमिश्नर साहेब येणार असे ठरले आणि स्वागत समिती स्थापन झाली. अण्णासाहेब अध्यक्ष. कार्यक्रमात कमानी, बँड, मानपत्र आणि शेवटी बारवेवर बांबूचे उंच मचाण बांधून प्रोफेसर गणपतरावांची उडी. गणपतने आदल्या संध्याकाळी पाणी मोजले, मचाणाची उंची त्याप्रमाणे बांधून घेतली आणि समितीसमोर सांगितले, "आता उडी होईपरेंत या पान्याले कोनी हात लावाचा नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. माना हलवण्यात समिती तयार होती.

सकाळी कुणाच्या तरी ध्यानात आले की रस्त्यावर धूळ फार आहे. साहेबांच्या मोटारीमागे धूळ उडणार, मडमसाहेबांच्या टोपीवर बसणार. रस्त्यावर पाणी मारले पाहिजे. शिवाय दवाखान्यापुढे एक कारंजे केले होते, त्याचा हौद कोरडा होता. उन्हाळ्यात गावाजवळ भरपूर पाणी एकाच ठिकाणी होते. दोन मोटा जुंपल्या आणि दुपारपर्यंत बारव उपसली. मोटेवरच्या गड्याने विचारले म्हणतात, "अन्नासाहेब, गनपतभाऊले सांगतलं का?" अण्णासाहेब म्हणाले, "त्याले काय सांगाचं? त्यानं समुद्रात उड्या मारल्या. आन् साहेबाच्या डोयात धूळ जाऊ देऊ काय?" रस्ता खरोखर छान भिजला होता. मी त्यावरूनच चालत आलो आणि इतका थंड रस्ता उन्हाळ्यात कसा, याचे मला कौतुकच वाटले.

गणपत दिवसभर उपाशी राहून घरात पडून होता, उडीच्या दिवशी त्याची तीच रीत. तिसऱ्या प्रहरी बँडच्या सुरात त्याला आणले ते थेट मचाणावर. आम्ही दूर मांडवात खुर्च्यांवर, आम्हाला विहिरीतले काही दिसत नव्हते. तो वर उभा राहिलेला दिसत होता. त्याने खाली वाकून पाहिले. पुन्हा पाहिले. मग तो बराच वेळ उभा राहिला. बँड थांबला. गर्दीतून कुणीतरी ओरडले, "काऊन बे गनप्या, भेलास काय?" हशा पिकला. साहेबही न समजता हसले. तेव्हा गणपतने हात वर केले...

त्याची कंबर मोडली. पाय गेले. तो मेला नाही, ही त्याची पुढच्या सात-आठ वर्षांची अडचण होती. साहेबांनी हळहळ व्यक्त केली आणि वर्तमानपत्रात 'अंदाज चुकल्याने अपघात' असे छापून आले. कुणी म्हणे सराव सुटला होता, कुणी म्हणे प्यायला होता. मोटांचे नाव कुणी काढले नाही. सगळ्या गावाने मोटा चालताना पाहिल्या होत्या, आणि सगळ्या गावाने त्या पाहिल्या नव्हत्या.

मी सुटीत जाई तेव्हा त्याच्या खाटेशी बसे. एकदा न राहवून विचारले, "तुले वरून दिसलं नव्हतं?"

"दिसलं ना. पान्याखालच्या पायऱ्या उघड्या पडल्या व्हत्या, ओल्या."

"मंग काऊन मारली? हॅम्बुर्गात तर उतरला व्हतास."

"तिथं माहं गाव नव्हतं," तो म्हणाला. "उडी मी मारली, ते माह्यावर. पन अंदाज माहा चुकला नाही मास्तर. एवढं एक कोनी चारचौघात म्हनलं ना, तं मी सुखानं मरीन." त्याने अण्णासाहेबांना बोलावून घेतले होते. ते मोसंबी घेऊन आले, खुर्चीवर बसले, सगळे ऐकून घेतले आणि दैवापुढे कुणाचे चालत नाही असे सांगून गेले. मोसंबी मात्र गोड होती, असे गणपत म्हणाला.

मागल्या आठवड्यात त्याच्या बहिणीला, सोनाबाईंना, भेटून आलो. वाचनालयात गणपतच्या नावाने काचेचे कपाट व्हायचे आहे. त्यासाठी अण्णासाहेबांचा कारकून येऊन बिल्ले, टिकल्यांचा जांघिया आणि परदेशातली जाहिरात घेऊन गेला. खाटेच्या वर, तुळईला अंबाडीचा दोर बांधलेला आहे. त्याला धरून गणपत उठून बसायचा, कूस बदलायचा. सोनाबाई म्हणाल्या, "हे बी घेऊन जाय, म्हटलं त्याले. तं म्हने, बाई, याले कोन पाहीन?"

दोर तसाच लोंबतो आहे. खाटेवरून हात पुरतो तिथवर तो घामाने काळा, गुळगुळीत झाला आहे. त्याच्या वर, तुळईपर्यंत, अजून नवाच दिसतो.