बोटीवरचा ओटीपी

आमच्या शाळेत एकोणीस मुलं आणि आम्ही दोन शिक्षक. मिठबावच्या अलीकडे, समुद्राला लागून एक वाडी आहे, तिथली ही शाळा. मुलांच्या घरी स्मार्टफोन आहे का, असं दरवर्षी एका तक्त्यात विचारतात आणि दरवर्षी मी "आहे" असं भरते. ते खोटं नसतं. फक्त तो फोन असतो कुठे, हा रकाना त्या तक्त्यात कोणी घातलेला नाही. आमच्याकडचे निम्मे फोन समुद्रात असतात.

बाप बोटीवर खलाशी असला की घरातला एकुलता एक बरा फोन त्याच्याबरोबर जातो. बंदर जवळ आलं की मासळीचा दर विचारायला तो लागतो, आणि बाकीचे दिवस गाणी ऐकायला. मग मी सोमवारी पालकांच्या ग्रूपवर टाकलेला अपूर्णांकांचा अभ्यास बोट परत येईपर्यंत कोणी उघडतसुद्धा नाही. हे मी बैठकीत दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, "मॅडम, तुम्ही ग्रूपवर टाकत राहा, आपलं काम पोचवायचं." मग मी टाकत राहिले. अभ्यास टाकला, अभ्यासाचे व्हिडिओ टाकले. हात धुण्याच्या दिवसाचे फोटो, झाडं लावण्याचे फोटो, वरून आलेली परिपत्रकं, त्या परिपत्रकांच्या दुरुस्त्या, सगळं टाकलं. तेच फोटो वरच्या ड्राइव्हवर चढवायचे, लिंक तालुक्याला पाठवायची आणि "पालकांपर्यंत पोचले" म्हणून ग्रूपचा फोटो काढून तोही चढवायचा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा कारभार. शिकवायचं काम मी यातून वेळ उरला तर करायची.

त्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. बाप देवगडच्या एका बोटीवर खलाशी, आई हंगामात आंब्याच्या पेट्या भरायला जाणारी. गणितात पोरगी अशी की मी फळ्यावर चुकले तर बाकावरून नुसती माझ्याकडे बघायची, बोलायची नाही. निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेला तिला बसवायचं मी ठरवलं होतं. सहावीपासून राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथेच. ही परीक्षा पाचवीत असतानाच देता येते, एकदाच. तिला मी हे सांगितलं होतं, आणि तेव्हापासून ती मधल्या सुट्टीतही वही उघडून बसायची.

अर्ज ऑनलाइन होता. एका मोबाईल नंबरावर एकच अर्ज. माझा आणि सोबतच्या शिक्षकांचा नंबर आधीच दुसऱ्या दोन मुलांच्या अर्जांना लागला होता, आईच्या बटणाच्या फोनचं रिचार्ज संपून तो बंद पडलेला, म्हणून सुरुवातीलाच बापाचा नंबर घातला. फोटो, सही, दाखला, सगळं चढवलं. आता शेवटचं बटण दाबायचं, त्या नंबरावर सहा आकडी ओटीपी येणार, तो घालायचा, की झालं. बटण दाबायच्या दिवशी साइट बंद. दुसऱ्या दिवशी बंद. तिसऱ्या दिवशी उघडली तेव्हा बाप समुद्रात गेला होता.

"ते मंगळवारी गेले, आता रविवारी येतले," आई म्हणाली. अर्जाची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

नंबर बदलायचा प्रयत्न केला. नंबर बदलण्यासाठी जुन्या नंबरावर ओटीपी येईल, असं साइटने मला सांगितलं. दुसऱ्या नंबरावरून नवा अर्ज भरायला गेले तर या मुलीचा अर्ज आधीच आहे म्हणाली. हे ज्याने बनवलं तो माणूस मला एकदा भेटायला हवा आहे. मदतीच्या नंबरावर फोन लावला तर बासरी वाजत राहिली. गुरुवारभर मी ती बासरी ऐकली.

शुक्रवारी रजा टाकली, मायलेकींना घेतलं आणि देवगडला बोटीच्या मालकाच्या घरी गेले. मालकाच्या पडवीत वायरलेसचा संच असतो, त्यावरून बोटींशी बोलणं होतं. फोनची रेंज किनाऱ्याजवळच असते, खोल पाण्यात नाही. मालकाने सगळं ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि माईक उचलला. बोट चालवणाऱ्या तांडेलाला म्हणाला, "चेडवाच्या परीक्षेचा काम आसा. जाळी वढ आणि किल्ल्याच्या समोर ये, रेंज येईसर."

मासळी लागत होती, असं तांडेल म्हणाला. तरी त्याने बोट वळवली. हे मी विसरणार नाही. इकडे सरकारी मदतीच्या नंबरावर माणूस फोन उचलेना आणि तिकडे तांडेल मासळी सोडून चार तास बोट हाकत किनाऱ्याकडे येत होता. मालकिणीने आम्हाला जेवायला घातलं. मुलगी जेवली नाही.

साडेतीन वाजता वायरलेसवर बापाचा आवाज आला. "रेंज इली! बाईनू, रेंज इली!"

मी बटण दाबलं. पडद्यावर 'ओटीपी पाठवला आहे' असं आलं. दहा मिनिटांची मुदत.

"इलो काय?" मालकाने विचारलं.

"फोन थरथरता आसा," बाप म्हणाला. "मेसेज येतत, लय येतत. पण ह्यो सगळो शाळेचोच ग्रूप."

चार दिवसांचं साठलेलं सगळं एकदम येऊन पडत होतं. त्यात बहुतेक सगळं माझंच. मी तो नाद थांबायची वाट पाहिली. दहा मिनिटं गेली. पुन्हा बटण दाबलं.

"नाय ओ बाईनू. फोन काय ता लिवता, जागा नाय म्हणता."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन काठोकाठ भरला होता, त्यात सहा आकड्यांना शिरायला जागा उरली नव्हती. मी मालकाच्या हातातून माईकच घेतला. "फोटो पुसा, गाणी पुसा, लवकर!" म्हणून ओरडले. तो म्हणाला, "पुसतंय." थोड्या वेळाने म्हणाला, "गाणी पुसलंय. गणपतीचे फोटो पुसलंय. भावाच्या लग्नाचे पुसलंय."

"शाळेच्या ग्रूपमधलं पुसा! तेच सगळ्यात जास्त आहे."

मग बाप म्हणाला, "तां नको, बाईनू. तां चेडवाच्या अभ्यासाचा आसा."

"अरे पूस मेल्या, बाई सांगतत मां!" तांडेलाचा आवाज मागून आला.

"पुसलंय तर तिचा जातला," बाप म्हणाला. आपल्या फोनमधून पुसलं की मुलीचा अभ्यासच नाहीसा होईल, असं त्याला वाटत होतं. एवढ्या महिन्यांत ग्रूपवर आलेलं एक अक्षर त्याने पुसलं नव्हतं. मी समजावलं, रागावले, शेवटी विनवलंसुद्धा. त्या चॅनेलवर असलेल्या सगळ्या बोटींनी माझी विनवणी ऐकली असेल. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बरा. थोडा पुसतंय." मी घाईने तिसऱ्यांदा बटण दाबलं.

पडद्यावर लाल अक्षरं आली. दोन प्रयत्न झाले आहेत, चोवीस तासांनी पुन्हा प्रयत्न करा. घड्याळात चारला पाच कमी होते.

मी त्या पडद्याला नको नको ते बोलले, मुलीच्या देखत बोलले. मग पाचपर्यंत बासरी ऐकली. आई मुलीची रिबीन सोडून पुन्हा बांधत होती. वायरलेसवरून दोनदा विचारणा झाली, "झाला काय?" अखेर मालक म्हणाला, "तू ये, मगे बघूया," आणि बोट परत खोल पाण्याकडे गेली.

सोमवारी शाळा सुटताना बाप आला. आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याने फोन माझ्या टेबलावर ठेवला. "बाईनू, माझा काय चुकला?"

मी फोन उघडला. त्यात त्याचं स्वतःचं काहीही उरलं नव्हतं. गाणी नाहीत, गणपती नाही, भाऊ नाही. होती ती माझी परिपत्रकं. परिपत्रकांच्या दुरुस्त्या. बादली धरून हसणारी मी, रोप धरून हसणारी मी, हात धुताना हसणारी मी. हा माणूस हे सगळं मुलीचा अभ्यास म्हणून जपून समुद्रात नेत होता आणि परत आणत होता. मला इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

"ह्येतला तिच्या अभ्यासाचा खयचा?" त्याने विचारलं.

मी शोधून दाखवायला लागले. तेवढ्यात मुलगी दप्तर घेऊन बापाशेजारी येऊन उभी राहिली. हळूच म्हणाली, "बाबा, तां सगळा माझ्या वहीत आसा. बाई शाळेत घेतत तां."

"चूक तुमची नाही," मी म्हटलं. "माझी आहे. मी नको ते पाठवत होते. जागा मी अडवली."

त्याने ते मनावरच घेतलं नाही. बाईंची चूक असू शकते हे त्याला पटण्यासारखं नव्हतं. त्याने फोन खिशात घातला, मुलीच्या पाठीवरचं दप्तर आपल्या खांद्याला लावलं आणि दारात थांबला.

"जाव दे," तो म्हणाला. "फुडल्या वर्साक मी बोटीरच जावचंय नाय. अर्जाच्या येळाक चार दिस घराकच बसतलंय. मगे तर झाला?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. फळ्यावर चुकले की पाहायची तसंच. मी होय म्हणाले.