आधी पाट, मग पाहुणा

आक्का नसती, तर मी त्याच सोमवारी कणकुंबीच्या एसटीत बसले असते. काय घडलं ते नंतर, आधी आक्का. तिचं खरं नाव लिहीत नाही. कागदावर नाव आलेलं तिला खपायचं नाही.

कॉम्प्युटरची कळ दाबायच्या आधी ती बोट हवेत धरायची आणि स्वतःलाच कानडीत म्हणायची, "तडी." म्हणजे थांब. मग ओठ हलवत ओळ वाचायची आणि मगच बोट खाली. दूध वर येताना बाई चिमटा धरून कशी उभी असते, पाहिलं असेल तुम्ही. अगदी तशी.

निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत आम्ही दोघी यादी टाइप करायचो. कुठल्या गावचा बोद, कुठली प्रत, कुठल्या थप्पीत. बोद म्हणजे माणसाएवढा गठ्ठा. मी आठवीत शाळा सोडलेली, कणकुंबीच्या घरापासून लांब, चुलत मावशीच्या माळ्यावर राहणारी. आक्का पन्नाशीची, चिकोडीकडच्या जैन घरातली. दिवस मावळायच्या आत जेवायची. साडेपाचला तिचा डबा वाजला की ऑफिस सुटलं असं समजायचं. तंबाखूच्या धुळीनं तिला धाप लागे, म्हणून ती वखारीत पाऊल टाकत नसे.

मशीनचं इंग्रजी मला कुठलं कळायला! तिनं ते आपल्या परीनं शिकवलं. दर शनिवारी आठवड्याची यादी दुसऱ्या फ्लॉपीवर उतरवायची. हुकूम लिहिताना आधी कुठं ठेवायचं ते, मग कुठून घ्यायचं ते. "आधी पाट मांड, मग पाहुण्याला बोलव. पाहुण्याला उभं ठेवतंय व्हय कोण?" मी कधी चुकले नाही.

मग नवीन मशीन आलं. बसवणारा म्हणाला, "सिस्टीम बदलली, काम तेच." मॅनेजर साहेब म्हणाले, "ह्याला एकच बाई पुरे. सोमवारी गाड्या भरायच्या आहेत. यादी कोण नीट देतंय बघू."

पडदा हिरव्याचा पिवळा झाला होता. बाकी तेच इंग्रजी 'ए' अक्षर, पुढे तोच बाण. पण निम्मे जुने हुकूम चालत नव्हते. मशीन दर वेळी 'चुकीचा हुकूम' असं इंग्रजीत दाखवायचं, आणि मला साहेबच ओरडल्यासारखं वाटायचं. आक्का म्हणाली, "घर तेच दिसतंय गं, पण चूल कुठं हलवल्यात कुणास ठाऊक."

शनिवारी दुपारी मी यादी उतरवली. उतरवायचा नवा शब्द लिहिला, पुढे सवयीनं आधी पाट, मग पाहुणा. बोट हवेत धरलं नाही. मशीननं 'फाइल उतरली' असं दाखवलं. मी खूश. यादी उघडून बघते तर सगळी मागच्या शनिवारची! नव्या मशीनला पाहुणा आधी सांगायचा होता, पाट मागनं. माझ्या हातानं जुनी यादी नवीवर बसली होती. दोनशे बारा बोदांच्या नोंदी गेल्या. ज्या चिठ्ठ्यांवरून टाइप करायचो, त्या तर आम्ही काम झालं की टाकूनच द्यायचो.

मी उगाच पडदा पुसायला लागले. आक्काच म्हणाली, "काय गं, पाल गिळल्यागत बसलीस?"

सांगितलं. तिनं पडद्यावरची ओळ ओठ हलवत वाचली. ती गप्प राहिली असती, तर सोमवारी खुर्ची तिची होती. हे तिला कळत होतं, मलाही.

"पाट मांडायला मीच शिकवलंतं," ती म्हणाली. "उद्या सकाळी ये. बोदावर रंगानं गाव, प्रत, नंबर हाईत की. बघून परत यादी करू."

रविवारी नाकाला पदर बांधून ती वखारीत शिरली. राखणदार आप्पा हसले, "आक्का, आज वाट चुकलीस व्हय?"

"तुमचं थोबाड बघायला न्हाय आले. शिडी धरा."

ती वाचायची, मी लिहून घ्यायचे. दहा बोद झाले की खोकायची. दुपारनंतर मी ऑफिसात टाइप करायचे आणि ती वखारीच्या दारातनं आकडे सांगायची. तिनं झरोक्याकडे बघितलं तेव्हा ऊन गेलेलं होतं. डबा बांधलेलाच.

"आक्का, जेवली न्हाईस."

"उपास समज. म्होरं लिही."

शेवटी उतरवायची वेळ आली. पाहुणा आधी, पाट मागनं. माझं बोट तिनं हवेतच धरलं. "तडी." दोघींनी ओळ तीनदा वाचली.

सोमवारी यादी बरोबर निघाली. खोकल्यानं आक्का आली नव्हती. साहेब मला म्हणाले, "जमलं की तुला!" खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं, आणि मिटलं. महिनाअखेर ती चिकोडीकडे भावाच्या घरी गेली. जाताना म्हणाली, "माझं बोट आता नव्या वळणावर जात न्हाय. तू ऱ्हा."

ती खुर्ची मी आजही धरून आहे. दोन खोल्यांचं घरही झालंय. आक्का, साहेबांना सांगायचं राहिलं ते सांगेन, आणि मग तुला न्यायला येईन. नवं मशीन काही म्हणो, तुझ्यासाठी आधी पाट मांडीन, मग बोलवीन. दिवस मावळायच्या आत.